कोर्टाला सुट्टी आहे

तुझी परीक्षा संपली आहे, हायकोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली आहे आणि मामी पोरांना घेऊन बोटीने रत्नागिरीला गेली आहे. १९३५ सालच्या मुंबईत बावीस वर्षांच्या मुलाला याहून जास्त स्वातंत्र्य कुणी देणार नाही. गांधीजींनी सविनय कायदेभंग गेल्याच वर्षी थांबवला, त्यामुळे सध्या तुरुंगात जायचीही सोय नाही.

ठाकुरद्वाराजवळची ही चाळ. रात्रभर तू गॅलरीत चटई टाकून झोपलास, कारण खोलीत वारा नाही. आता उजाडलं आहे आणि तुझ्या पायाला कुणाची तरी बादली लागते आहे. एरवी या वेळी नळावर बायकांची झुंबड आणि भांडणं. पण अर्धी चाळ कोकणात गेली असल्याने नळ मोकळा आहे आणि उरलेले पुरुष घागरी भरताना भलतेच सभ्य वागताहेत. माठात मामीने जाताना वाळा टाकून ठेवला होता, त्याचा वास अजून पाण्याला आहे. खाटेखाली गवतात पायरीची आढी. रात्री तिच्या वासाने दोनदा जाग आली, हे मामांना सांगू नकोस. आंबे मोजून ठेवलेले आहेत.

मामा सेक्रेटरिएटात कारकून. कोट चढवता चढवता विचारतात, "काय वकीलसाहेब, आज कुठली केस?"

"काही नाही, मामा."

"काही नाही हे साक्षीदाराचं उत्तर झालं. वकिलाने असं बोलू नये."

बी.ए.नंतर दोन वर्षांचा कोर्स: फर्स्ट एलएल.बी., मग सेकंड एलएल.बी., मग सनद. तुझं पहिलं झालं, निकाल यायचा आहे. फळीवर मुल्लांचं सिव्हिल प्रोसीजर कोड पडलं आहे, पुढच्या वर्षासाठी आधीच आणून ठेवलेलं. सर दिनशा मुल्ला गेल्या वर्षी एप्रिलात वारले. त्यांचं पुस्तक मात्र तुला चांगलं पुरून उरणार आहे. मामांना वाटतं, सुट्टीत तू ते वाचतोस. तू खरंच ते रोज हातात घेतोस. त्याच्या आत र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' बरोबर मावतं. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या बाईचं चित्र असतं, म्हणून ते मुल्लांच्या आश्रयाला आलं आहे. त्यात लिहिलेलं मात्र एखाद्या डॉक्टरच्या तोंडी शोभेल इतकं कोरडं. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली. त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तू वाचतो आहेस ते म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या, पुरावा आहे.

६ तारखेला सोमवार. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली, त्याचा रौप्यमहोत्सव. टपाल खात्याने नवी तिकिटं काढली आहेत. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर राजाच्या मुंडक्याशेजारी गेटवे ऑफ इंडिया. सकाळी तुम्ही मित्रांनी ठरवलं, असल्या सोहळ्याला जायचं नाही. संध्याकाळी ठरलं, की निषेध नोंदवायला तरी जाऊन पाहावं. तर आता तू फोर्टात आहेस, गर्दीत पाय टेकायला जागा नाही आणि सरकारी इमारतींच्या कडाकडांवर दिवे लागले आहेत. बोरीबंदरचा घुमट उजळला आहे. शेजारचा एक म्हातारा बायकोला सांगतो, "बघून घे, पुन्हा पंचवीस वर्षांनीच." तसं होणार नाही. येत्या जानेवारीत राजा मरेल, आणि पंचवीस वर्षांनी इथे राजाच नसेल. पण ते मला ठाऊक, तुला नाही. तू आपला सातारकराच्या खांद्यावर हात टाकून ओठांतल्या ओठांत राजद्रोहाचं कलम १२४ अ म्हणून दाखवतोस. अप्रीती, द्वेष, तिरस्कार. सातारकर म्हणतो, "हळू बोल लेका, पाठ नसल्याबद्दल पकडतील."

सातारकर म्हणजे तुमच्या वर्गातला; साताऱ्याहून आलेला, खानावळीत जेवणारा, सगळ्यावर पैज लावणारा. तिसरा मास्तर. तो दिवसा शाळेत शिकवतो नि सकाळी कायदा शिकतो. त्याचा शर्ट कायम खडूने पांढरा. सुट्टी लागून दहा दिवस झाले तरी तो रंग जात नाही.

चल, ट्रामने काळ्या घोड्यापर्यंत. इथे खरोखरच घोडा आहे, वर सातवा एडवर्ड बसलेला. समोर डेव्हिड ससून लायब्ररी, तिच्यात आरामखुर्च्या. तिथे दुपारी जगातली सर्वोत्तम झोप लागते, असा वर्गाचा एकमताने निकाल आहे. पण आज सातारकराने वेगळंच काढलं आहे. त्याच्या गावचा एक शिपाई हायकोर्टात आहे.

बंद हायकोर्ट तू कधी पाहिलेलं नाहीस. एरवी इथे काळे कोट, पट्टेवाले, पक्षकार, दगडी जिन्यावर सतत चढउतार. आज नुसते तुमच्या चपलांचे आवाज. व्हेकेशन जज्जचं तातडीचं काम तेवढं कुठेतरी चाललं असेल. शिपाई तुम्हाला आधी एका खांबाशी नेतो आणि वर बोट दाखवतो. मान वर कर. दगडात कोरलेलं माकड आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, दोन्ही नव्हे, एकाच. आणि हातात तराजू, पारडी वरखाली झालेली. न्यायदेवतेचं सोंग घेतलेलं माकड. पुढे दुसरीकडे कोल्हा, गळ्यात वकिलाच्या पांढऱ्या फिती. शिपाई सांगतो, म्हणे, बांधकामाच्या वेळी एका पारशी ठेकेदाराचं सरकारशी वाजलं, तो दावा हरला, आणि त्याने कारागिरांकडून हा सूड उगवून घेतला. खरं-खोटं दगडाला माहीत. मला ती गोष्ट खरी असावीशी वाटते. १८७८ साली इमारत पुरी झाली. तेव्हापासून त्या कोल्ह्याखालून सगळे नामवंत वकील ये-जा करताहेत आणि कोर्टाच्या बेअदबीचा याहून जुना, याहून सज्जड पुरावा कुणालाच दिसत नाही.

मग सेंट्रल कोर्ट. दार किलकिलं. १९०८च्या जुलैत इथेच टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. शिपाई म्हणतो, दोन मिनिटं, आणि कशाला हात लावू नका. मास्तर आरोपीच्या जागेकडे जाऊन उभा राहतो. सातारकर ज्युरी होतो, तू न्यायमूर्ती दावर, तिघांचं नाटक. पण मास्तर तोंड उघडतो आणि गप्प होतो. टिळक काय बोलले ते तुम्हा तिघांनाही येतं, शाळेपासून येतं; इथे मात्र कुणाच्या तोंडून फुटत नाही. भिंतीवर अजून काही लिहिलेलं नाही. १९५६ साली इथे त्याच वाक्यांची शिळा बसेल, आणि तिचं अनावरण करणारे मुख्य न्यायमूर्ती छागला काही वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्याच कॉलेजात घटनाशास्त्र शिकवत होते. शिपाई घाई करतो. "चला, साहेब लोक." साहेब लोक चार आण्यांचा हिशेब करत बाहेर पडतात.

इराण्याकडे जा. कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी टेबलं, मागे आरसे. चहा, ब्रून मस्का. मास्तर ऑम्लेट मागवतो. अंडं खातो हे त्याच्या घरी ठाऊक नाही. तू गोटीचा सोडा घेतोस. अंगठ्याने गोटी दाबतोस, फस्स होतं, आणि सातारकर बाटली हिसकावून उजेडात धरतो. "थांब! आत गोगलगाय आहे का बघू दे."

तुमच्या वर्षाला या गोगलगायीने वेड लावलं आहे. स्कॉटलंडातल्या पेझ्लीत एका बाईने मैत्रिणीबरोबर जिंजर बियर घेतली, बाटली अपारदर्शक, अर्धी ओतून झाल्यावर आतून कुजलेली गोगलगाय निघाली. बाटलीचे पैसे दिले होते मैत्रिणीने, म्हणजे बाईचा दुकानदाराशी करार नाही. मग दावा कुणावर? थेट बाटली भरणाऱ्यावर. १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की आपल्या हलगर्जीपणाने ज्याला इजा होईल तो आपला शेजारी, आणि त्याची काळजी घेणं आपलं कर्तव्य. अख्खा टॉर्ट त्या बाटलीतून बाहेर आला. आणि गंमत अशी, की गोगलगाय खरोखर होती की नव्हती हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं. मास्तर म्हणतो, "नसलेल्या गोगलगायीवर एवढा कायदा. आपल्याकडे असलेल्या नारूवरसुद्धा दावा लागला नसता."

यावरून पुढचा तास निघतो. इराण्याने मास्तरच्या ऑम्लेटात खडा घातला तर? पैसे सातारकराने दिले असतील तर? आणि खडा मास्तरच्याच खिशातला खडू असेल तर? हेच तुमचं खेळणं. इतरांची पोरं सुट्टीत पत्ते कुटतात, तुम्ही कलमं कुटता. (पत्तेही कुटता, चाळीत रात्री ब्रिजचा डाव असतो आणि मामा त्यात वाईट खेळतात.) पुढच्या वर्षी हीच कलमं पाठ करायची, त्याच्या पुढच्या वर्षी ती विकून पोट भरायचं. सध्या ती फुकट आहेत.

त्याच टेबलावर पैज लागते. विषय आंबेडकरांचा. गेल्या जूनपासून ते तुमच्या लॉ कॉलेजात शिकवायला येतात. आता कानावर येतं, की प्रिन्सिपॉल तेच होणार. शेजारच्या टेबलावर तुमच्याच वर्गातले तिघे-चौघे आहेत. त्यातला एक म्हणतो, "शिकवतात उत्तम, वाद नाही. पण प्रिन्सिपॉल..." त्या 'पण'च्या पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नाही. बाकीचे मान हलवतात. लेखी काही ठेवायचं नाही, एवढं कायद्याने सगळ्यांना शिकवलेलं आहे. तुला त्यांना काही सुनवावंसं वाटतं. तू सोडा संपवतोस. सातारकर मात्र उघड बोलतो: "सरकार नेमायचं नाही त्यांना. लिहून घे." तू म्हणतोस नेमणार. हरेल त्याने तिघांना वाडियांच्या 'हंटरवाली'ला न्यायचं, लागेल तेव्हा. त्यात कोणी नादिया नावाची गोरी बाई चाबूक घेऊन गुंडांना बडवते, असं ऐकून आहात. आणि ते चित्र काढणारे जमशेद वाडिया स्वतः एम.ए., एलएल.बी. हे मास्तरला फार सुखावून जातं. "बघा," म्हणतो, "सनद घेतली नाही तरी माणूस वाया जात नाही."

फुकटचं नाटक पाहायचं तर एस्प्लनेडचं पोलीस कोर्ट. ते सुट्टीतही थांबत नाही, कारण गुन्हे कोकणात जात नाहीत. मागच्या बाकावर जागा धर. विनापरवाना फेरी, दारू पिऊन दंगा, खिसेकापू. मॅजिस्ट्रेट मान वर न करता निकाल देतात, कारकून पुढचं नाव पुकारतो, दुभाषा मराठीचं इंग्रजी करताना निम्मं गाळतो. तुम्ही तिघे पैजा लावत बसता: पाच रुपये की ताकीद? सातारकर दर वेळी चुकतो. एका हमालाने साक्ष देताना सांगितलं, "साहेब, मी मारलं नाही, पण तो मार खाण्यासारखाच आहे." अख्खं कोर्ट हसलं, मॅजिस्ट्रेटसुद्धा.

बाहेर व्हरांड्यात एक म्हातारा तुझ्यासमोर येऊन उभा राहतो. धोतर, मुंडासं, हातात एक कागद, घामाने भिजून मऊ झालेला. तुझ्या अंगात मामांचा जुना काळा कोट आहे, त्यावरून त्याने ओळखलं. "वकीलसाहेब, हा दंड कुठं भरायचा?" तू कागद उलटा-सुलटा करतोस. रक्कम दिसते, सही दिसते. कलम तुला तोंडपाठ आहे. त्याची व्याख्या, अपवाद, त्यावरचा अलाहाबादचा निकाल. दंड कुठे भरायचा ते माहीत नाही. मास्तर त्याला घेऊन जातो, एका पट्टेवाल्याला विचारतो, खिडकी सापडते. म्हातारा परत येऊन तुम्हा तिघांना नमस्कार करतो. सातारकराने नंतर त्या दिवशी एकही पैज लावली नाही.

संध्याकाळी चौपाटी. टिळकांचा पुतळा अजून नवाकोरा, दोन वर्षांचा. भेळ घे, तिखट जास्त सांग, आणि चालत चालत दक्षिणेकडे ये, बॅक बेच्या काठाने. पुढे जे मरीन ड्राइव्ह म्हणून ओळखलं जाईल ते इथे अजून तयार होतं आहे. समुद्राला भिंत आहे, रस्ता आहे. इमारतींची ती सलग ओळ नाही, काठावरचे काँक्रीटचे टेट्रापॉड नाहीत. मागे भराव टाकलेली उघडी जमीन, वाऱ्याबरोबर माती तोंडात येते.

भिंतीवर बसलं की मास्तर ही जमीन कशी निर्माण झाली ते सांगतो. तो इतिहास शिकवतो ना. सरकारने समुद्र बुजवून १,१४५ एकर मिळवायचं ठरवलं, ड्रेजर आणले, कोट्यवधी रुपये पाण्यात घातले, अगदी शब्दशः. मिळाली निम्म्याहूनही कमी. गव्हर्नर लॉइडच्या नावावर लोकांनी तो मूर्खपणा कायमचा टाकून दिला. वकील खुर्शेद नरिमन यांनी त्यातल्या घोटाळ्यांवर तोफ डागली, तर हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. "कलम ४९९," तू म्हणतोस. "अपवाद किती?" मास्तर विचारतो. "दहा." नरिमन निर्दोष सुटले, आणि यंदा मुंबईचे महापौर तेच आहेत. पुढे या काठाच्या टोकाला भर घालून जी जागा होईल तिला त्यांचंच नाव मिळेल, आणि तुझ्या नातवंडांच्या काळात तिथल्या एका खोलीचं भाडं ऐकून कुणाला हसावं की रडावं ते कळणार नाही. तू आज तिथल्या समुद्रात शेंगांची टरफलं फेकतो आहेस.

काय काय केलंत या महिन्यात, ते सगळं सांगत बसत नाही. बोरिवलीपर्यंत विजेच्या गाडीने जाऊन कान्हेरीला चढलात, उन्हाने सातारकराला घेरी आली. 'अमृतमंथन' पुन्हा पाहिलं, केवळ चंद्रमोहनच्या डोळ्यासाठी. शांतारामबापूंनी तो पडदाभर मोठा करून दाखवला आहे आणि चार आण्यांच्या बाकांवरची पोरं त्याला अजूनही दचकतात. रणजी करंडकाच्या पहिल्याच वर्षी मुंबई जिंकली, त्यावर इराण्याकडे एक अख्खी दुपार गेली. मामीची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, आढीतले आंबे मोजले का.

२७ मेला आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई गेल्या, दादरला, 'राजगृहा'त. बातमी ऐकली तेव्हा इराण्याच्या टेबलावर पैजेचं नाव कोणी काढलं नाही. शेजारच्या टेबलावरही त्या दिवशी 'पण' नव्हतं. मग ३१ तारखेच्या पहाटे क्वेट्ट्याला भूकंप झाला, हजारो माणसं झोपेतच गेली. चाळीत वर्तमानपत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना फाटलं. मामांनी ब्रिजचे पत्ते उचलून फळीवर ठेवले.

आणि १ जूनपासून कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. आंबेडकर.

पुढच्या जानेवारीत ते कॉलेजच्या मासिकात, कायद्याचं शिक्षण कसं असावं यावर मोठा लेख लिहितील. त्याआधी ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराबद्दल जे बोलतील त्याने अख्खा महाराष्ट्र ढवळून निघेल, शेजारच्या टेबलावरच्यांना मग वाक्य पूर्ण करायला भाग पडेल. पण तुमचं सध्याचं प्रकरण वेगळं आहे. ढग भरून आलेत, मामी परतली आहे, आणि तू इराण्याकडे येऊन सातारकरासमोर बसला आहेस.

"काढ," तू म्हणतोस. "तीन तिकिटं."

सातारकर शांतपणे मस्का लावलेला ब्रून चहात बुडवतो. "कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२. कलम ३०. पैजेचा करार रद्दबातल. दावा लावून बघ."

"अरे, शब्द दिलास!"

"शब्दावर दावा चालत नाही. आणि मी मुंबई इलाख्यात आहे, हे विसरू नकोस."

मास्तर पुढे सरकतो. "थांब. पैजेवर लावायला म्हणून गेल्या महिन्यात तू माझ्याकडून रुपया घेतलास. ती पैज नाही, ते कर्ज आहे. मूळ करार रद्द असला तरी जोडीचा करार रद्द होत नाही."

"बाकीच्या हिंदुस्थानात होत नाही," सातारकर म्हणतो, आणि त्याचा चेहरा फुलतो. "मुंबईत होतो. १८६५चा तिसरा ॲक्ट. पैजेसाठी दिलेलं कर्जसुद्धा बुडालं. मुल्ला वाच."

मास्तर तुझ्याकडे बघतो. तू मुल्ला वाचलेलं नाहीस. त्याच्या आत काय होतं ते फक्त तुला माहीत आहे. तू तरीही वाद सुरू ठेवतोस, आवाज चढवून, टेबलावर हात आपटून, आणि मास्तर न्यायमूर्ती होऊन दोघांनाही बेअदबीची धमकी देतो. एवढ्यात गल्ल्यावरचा इराणी उठून येतो. त्याने कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट वाचलेला नाही.

"तीन चाय, दो ब्रून, एक ऑम्लेट," तो म्हणतो. "पैसा काढो, पीछे लडो."